खिळ्यावरचं उष्टं

“पदर लाव नाकाला, वासंती,” वन्सं म्हणाल्या, “आणि खाली बघू नको.”

मग मी खाली बघितलंच. ओशच्या बाजारातल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना मेंढ्यांची मुंडकी ओळीनं मांडलेली होती. लोकर भाजून काढलेली, डोळे उघडे, जिभा दातांत धरलेल्या. शेजारी पांढऱ्या चरबीचे गोळे रचून ठेवले होते. तिकडच्या मेंढ्यांच्या शेपटाला चरबीची थैलीच असते म्हणे, ती कापून विकतात आणि भातात घालतात. वर जूनचं ऊन, खाली ओल्या फरशा आणि मधून आम्ही दोघी साड्यांच्या निऱ्या उचलून चाललेलो. आमच्या दोन्ही घरांत अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. तो वास माझ्या घशात जाऊन बसला तो सोलापूर येईपर्यंत निघाला नाही.

“तुला घरी जायला रोज हीच वाट लागते का गं?” वन्संनी ऋजूला विचारलं.

“जवळची आहे, आई. पुढे सुकामेवा लागेल, मग वास जाईल.”

“वास जाईल. डोळ्यांनी बघितलंय ते कुठे जाईल?”

ऋजू म्हणजे वन्संची एकुलती एक मुलगी ऋजुता. बार्शीची पोर डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानात जाऊन राहिली होती आणि तिची चार वर्षं झाली होती. एप्रिलमध्ये तिला कावीळ झाली. आम्हाला कळलं ते ती बरी झाल्यावर. त्या दिवसापासून वन्संचं चित्त ठिकाणावर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते आईचं काळीज होतं, त्यात मी खोट काढत नाही. ठरलं असं की वन्संनी आठवडाभर जाऊन राहायचं, पोर काय खाते, कुणात राहते ते बघायचं, आणि उरलेली दोन वर्षं तिला तिथे ठेवायची की परत आणायची ते सांगायचं. अण्णांना, म्हणजे वन्संच्या यजमानांना, दुकान सोडवेना, म्हणून सोबत मी. शाळेची चार वर्षं ऋजू सोलापूरला आमच्याकडेच होती, त्यामुळे तिनंही फोनवर हळूच सांगितलं होतं, “मामी, तू ये. आई एकटी आली तर माझं काही खरं नाही.”

बार्शीत एक स्थळही येऊन बसलं होतं. मुलाचं औषधांचं दुकान. वन्सं म्हणत, “डॉक्टर काय आणि मेडिकल काय, लाईन एकच.”

ऋजूनं विमानतळापासून आमचे कान किटवले होते. हे गाव तीन हजार वर्षांचं आहे, चीनचं रेशीम घेऊन येणारे उंटांचे तांडे इथे उतरायचे, तो गावाच्या मधोमध उभा आहे तो सुलेमान डोंगर. बाजारात अजूनही सगळ्या जातीची माणसं दिसत होती. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, उंच पांढऱ्या टोप्या घातलेले किर्गिझ, काळ्या चौकोनी टोप्यांचे उझबेक, फुलाफुलांचे रुमाल बांधलेल्या रशियन म्हाताऱ्या, हातानं शेवया ओढणारे उइघुर. बायका थांबून आमच्या साड्यांना हात लावून बघायच्या, हसायच्या. वन्सं प्रत्येक हातानंतर पदर झटकायच्या आणि पिशवीतून हात धुवायचं औषध काढून तळव्यावर चोळायच्या.

“म्हणजे इथे कोण कुणाच्या हातचं खातं, याला काही धरबंधच नाही,” त्या म्हणाल्या.

“सगळे सगळ्यांच्या हातचं खातात, आई.”

“तेच म्हणायलेय मी.”

ऋजू जिच्या घरी राहायची ती मावजुदा-ओपा. ओपा म्हणजे ताई. पन्नाशीची, रुंद बांध्याची उझबेक बाई, नवरा वारलेला. आम्ही अंगणात पाऊल टाकलं तशी ती दोन्ही हात छातीशी धरून पुढे आली आणि हसली, तर वरचे चार दात सोन्याचे. तिनं वन्संना मिठी मारली. वन्सं खांबासारख्या उभ्या राहिल्या.

“दागिना तोंडात कोण घालतं,” मिठीतून सुटल्यावर त्या मला म्हणाल्या.

द्राक्षाच्या मांडवाखाली एक मोठा लाकडी चौथरा होता. त्यावर गाद्या, मधे बुटकं टेबल. ओपानं चहा ओतला, जर्दाळू ठेवले आणि एक गोल, जाड, मधोमध टोचून नक्षी काढलेला नान घेऊन हातानं तोडून प्रत्येकीपुढे तुकडे ठेवले. तिकडे त्याला नोन म्हणतात. वन्संनी आपल्यापुढचा तुकडा दोन बोटांनी उचलून बाजूला सारला, तो पालथा पडला. ओपा बोलत होती ती बोलता बोलताच थांबली, हात लांब करून तिनं तो तुकडा सुलटा केला आणि पुढे बोलू लागली.

“पालथा ठेवत नाहीत,” ऋजू म्हणाली. “अन्नाचा अपमान होतो.”

वन्संनी पिशवीतून आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. महिनाभर टिकते म्हणून आम्ही ती चळतच्या चळत बरोबर नेली होती. ओपानं कुतूहलानं हात पुढे केला. मी तिला अर्धी भाकरी दिली. तिनं ती आधी कपाळाला लावली, मग चटणीशी खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत खूप हसली. शेवटी टेबलावरचे सगळे चुरे तिनं तळहातावर गोळा करून तोंडात टाकले.

“हे तुमच्यासारखंच झालं की, वन्सं,” मी म्हणाले. वन्संच्या घरी ताटात शीत टाकायची कुणाची छाती नाही. जेवलेलं ताट धुऊन ते पाणी प्यायलेली पोर आहे ऋजू.

वन्संना ते आवडलं नाही. “आमच्यासारखं कुठून झालं? आमच्यात आधी हात धुतात.”

ऋजूला दिलेली खोली ओपाच्या मुलाची होती. इल्होम त्याचं नाव. बांधकामावर काम करायला तो रशियात गेला होता. स्वच्छ खोली, पांढऱ्या भिंती. खिडकीशेजारी भिंतीत एक कोनाडा, आणि कोनाड्याच्या वर एका खिळ्याला दोरीनं एक वाळलेला नान टांगलेला. कडेला एक घास तोडलेला. हातानं नव्हे, तोंडानं. दातांची कमान स्पष्ट दिसत होती.

“हे काय गं?” वन्संनी विचारलं.

“ते ओपाचं आहे. हात लावू नको त्याला.”

“उष्टं आहे ऋजू ते. दात दिसायलेत.”

“आहे उष्टं. असू दे,” ऋजू म्हणाली. तिचा दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि सकाळपासून उत्तरं देऊन ती थकली होती. “तू नुसतं हात लावू नको.”

पुढचे दोन दिवस वन्संनी त्या घरात काय काय बघितलं ते मी इथे सांगत बसत नाही. संडास अंगणाच्या टोकाला होता, एवढं पुरे. ओपा ऋजूसाठी वेगळ्या कढईत बिनमांसाचा भात करायची. ती कढई वन्संनी राखेनं तीनदा घासली. ओपा तिला लाडानं रुजुखान म्हणायची. तिकडे बायकांच्या नावाला प्रेमानं तसं लावतात. हे ऋजूनं समजावून सांगितलं तरी वन्संनी रात्रभर कूस बदलली. माझी दोघींच्या मधे चटणी होत होती. वासाचा त्रास मलाही होत होता, मी काही मोठी धीट नव्हे. पण यजमानीण समोर उभी असताना तिच्या पेल्याची कड पदरानं पुसणं मला बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एकादशी होती. ऋजू शेवटच्या पेपरला गेली. ओपा रुमाल बांधून बाहेर पडली. आठवड्यातून एकदा रशियाहून बस येते, त्या बसच्या थांब्यावर ती जाते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. मी अंगणात धुणं धूत होते. धुणं वाळत घालून आत आले तर खोलीत उदबत्तीचा वास. कोनाड्यात लाल कापड अंथरलेलं, त्यावर वन्संचा पितळी बाळकृष्ण, पुढे निरांजन. वर खिळा मोकळा.

“वन्सं, ते कुठाय?”

“टाकलं. देवाच्या डोक्यावर कुणाचं तरी उष्टं लोंबकळतंय, आणि मी एकादशीची पूजा करू?”

“ऋजूनं सांगितलं होतं हात लावू नका म्हणून.”

“हात लावला नाही. पिशवी घालून काढलं.” आणि त्या शांतपणे औषध तळव्यावर चोळू लागल्या.

मी कुठे टाकलं हे विचारायच्या आत ऋजू आली. पेपर चांगला गेला होता, चेहरा फुललेला होता. दारातच तिची नजर खिळ्याकडे गेली. मी त्या पोरीला दहावीत नापास होता होता वाचताना बघितलंय, काविळीनंतरचा फोटोही बघितलाय, पण असा चेहरा बघितला नव्हता.

“आई, तो नान?”

वन्संनी सांगितलं.

ऋजूनं दप्तर खाली ठेवलं. मग एकेक वाक्य जोडत म्हणाली, “इकडे घरातलं कुणी लांब जायला निघालं की त्याला एका नानाचा एक घास खायला लावतात. उरलेला टांगून ठेवतात. तो परत येतो आणि आपला उरलेला नान संपवतो. त्याचं अन्न घरात त्याची वाट बघत असतं, म्हणून तो येतो. इल्होम गेला त्या दिवशीचा आहे तो. हिवाळ्यापासून त्याचा फोन नाही, आई. कुठे आहे, आहे का नाही, काही कळत नाही. ओपा दर आठवड्याला त्या बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याचा फोटो दाखवते. आज तिथेच गेलीये.”

मी वन्संकडे वळले.

“कुठे टाकलात?” मी विचारलं.

“गल्लीच्या कोपऱ्यावर. लोखंडी पेटी आहे ना.”

मी चपला न घालताच निघाले. कोपऱ्यावरच्या घरात कसलंतरी कार्य होतं, सकाळी मेंढी कापली होती. कचरापेटी कडेपर्यंत भरलेली आणि सगळ्यात वर ते सगळं. आतडी, खूर, शेणानं भरलेलं पोट, ओली लोकर. माश्यांचा ढग उठला आणि परत बसला. मी दोनदा मागे फिरले. मग पदर कमरेला खोचला आणि हात घातला. कोमट होतं. ते कोमट लागणं मी अजून विसरलेले नाही. ज्या बाईनं जन्मात अंडं फोडलं नाही ती कोपरापर्यंत मेंढीच्या पोटात हात घालून वन्संची निळी पिशवी चाचपत होती आणि तोंडानं रामराम म्हणत होती. शिसारी येत होती. ती त्या घाणीची होती हे मी नाकारत नाही. पण डोळ्यांपुढे येत होते ते वन्संचे तळव्याला तळवा चोळणारे हात.

एक रशियन म्हातारी थांबली. डोक्याला फुलांचा रुमाल, हातात दोरीची पिशवी. तिनं माझ्या साडीकडे बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, पेटीतल्या हाताकडे बघितलं. मग पिशवीतून काळा पाव काढला, अर्धा तोडला आणि माझ्या स्वच्छ हातात ठेवून हळू काहीतरी बोलली. तिला वाटलं मी भुकेली आहे. सोलापुरात दोन मजली घर असलेली मी, मला तिला नाही म्हणायलाही भाषा नव्हती. तिनं माझ्या दंडावर थोपटलं आणि गेली. मी तो पाव काखेत धरला आणि दुसऱ्या हातानं शोधत राहिले.

पिशवी तळाला गेली होती. फाटली होती. नान वाळून दगड झालेला असल्यानं तुटला नव्हता, पण एक बाजू रक्तानं ओली झाली होती. दातांची कमान शाबूत होती.

मी अंगणात आले आणि ओपा दारातून आत येत होती. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की आजही कुणी काही सांगितलं नाही. तिनं मला बघितलं. हात कोपरापर्यंत लाल, एका काखेत काळा पाव, हातात तो नान. ऋजू रडत रडत तिच्या भाषेत काहीतरी सांगायला लागली. ओपानं तिला हातानंच थांबवलं, माझ्याकडून नान घेतला, त्याचं चुंबन घेतलं, कपाळाला लावला. रक्ताच्या बाजूसकट. मग चौथऱ्यावर बसून ती सुरीनं ओला भाग खरवडू लागली. खरवड खाली पडू नये म्हणून मांडीवर रुमाल पसरला होता. मी नळाखाली हात धरून उभी होते आणि मला रडू येत होतं.

वन्सं खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ओपानं त्यांच्याकडे बघून शांतपणे काहीतरी विचारलं.

“काय म्हणायलीय ती?”

“विचारतेय, तू तिथे तुझा देव बसवलास का,” ऋजू म्हणाली. “म्हणतेय, बसू दे. खिळा वर आहे, जागा दोघांना पुरेल. तुझ्या देवाला सांग, माझ्या मुलावर लक्ष ठेव.”

मला वाटलं, आता वन्सं वितळतील. दगड असता तर वितळला असता. ओपा उठली, आत गेली आणि बाळकृष्णाच्या डोक्यावर तिनं तो नान पुन्हा टांगला. वन्संनी तिच्या डोळ्यांदेखत देव उचलला, निरांजन विझवलं, सगळं लाल कापडात गुंडाळलं.

“ऋजू, सामान भर. रविवारी तू आमच्याबरोबर येणार.”

“सुट्टीला?”

“कायमची. हे असलं उष्टं-खरकटं देवासारखं पुजणाऱ्यांत मला पोर ठेवायची नाही. तिकीट तिघींचं काढलंय.”

“तिघींचं? कधी काढलं?” मी विचारलं.

“निघतानाच काढलंय.”

म्हणजे बघायला येणं हे नुसतं सोंग होतं. तीन दिवस पोर आईपुढे आपलं घर, आपली कढई, आपली पुस्तकं मांडून दाखवत होती, आणि निकाल बार्शीतच लागलेला होता. मला मघाच्या पेटीत हात घालताना आली नव्हती इतकी शिसारी तेव्हा आली.

ऋजू आवाज न चढवता बोलली. “आई, काविळीत मी दिवसातून दहादा ओकायचे. भांडं आणेपर्यंत दम नसायचा. ही ओंजळ पुढे धरायची. तिच्या ओंजळीत ओकलेय मी. तिनं एकदाही शी म्हटलं नाही.”

“म्हणून काय तिला आई म्हणायचं?” वन्सं म्हणाल्या.

ऋजू आत गेली. तिनं सामान भरलं.

रविवारी सकाळी ओपानं अंगणातला तंदूर पेटवला होता. टॅक्सीवाला किर्गिझ होता, डोक्यावर उंच पांढरी टोपी. त्यानं बॅगा चढवल्या. वन्सं आधीच गाडीत बसल्या होत्या. मी ओपाला नमस्कार केला, तिनं माझे दोन्ही हात उलटे करून तळव्यांवर ओठ टेकले. त्याच हातांवर.

मग ती आत गेली आणि भट्टीतून नुकता काढलेला नान घेऊन आली. दोन्ही हातांत धरून तिनं तो ऋजूच्या तोंडासमोर आणला.

गाडीचं दार उघडं होतं. टॅक्सीवाल्यानं ते बघितलं आणि गाडी सुरू करता करता बंद केली. खाली उतरून टोपी सारखी करून तो बाजूला उभा राहिला.

ऋजूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली की नाही ते मला आठवत नाही. तिनं वाकून नानाचा घास तोडला. मोठा तोडला.

“ऋजू,” वन्सं गाडीतून म्हणाल्या. “थुंक ते.”

ऋजूच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तोंड कोरडं पडलं होतं. घास हलत नव्हता. ती आईकडे बघत चावत राहिली.

“थुंक म्हणते ना. थुंक.”

ऋजूनं घास गिळला. गळ्यातून उतरताना दिसला. मग ती गाडीत येऊन आईच्या शेजारी बसली. वन्संनी अंग चोरलं.

गाडी वळेपर्यंत आम्हाला घरातून ठोकल्याचा आवाज येत होता. ओपा पहिल्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा मारत होती.

त्या उन्हाळ्यात बार्शीत काय झालं ते एक स्वतंत्र रामायण आहे. थोडक्यात एवढंच की मेडिकलवाला मुलगा बघायला आला तेव्हा ऋजू अण्णांना सगळ्यांदेखत म्हणाली, “अण्णा, वाढून घेतलेलं अर्धं टाकून उठायचं नाही, हे या घरातच शिकवलंत ना मला?” अण्णा कमी बोलणारा माणूस. त्यांनी पोहे संपवले, पाहुण्यांना स्टँडपर्यंत सोडून आले आणि सप्टेंबरचं तिकीट काढलं. वन्सं ऋजूशी बोलायच्या बंद झाल्या. विमानतळावरही गेल्या नाहीत.

ऋजू गेली आणि इकडे गौरी बसल्या. वन्संच्या हळदीकुंकवाला मी सोलापूरहून गेले होते, मदतीला. दिवाणखाना बायकांनी भरलेला. वन्सं कुंकवाची कोयरी घेऊन फिरत होत्या आणि फिरता फिरता सांगत होत्या. परदेशाची गोष्ट म्हटल्यावर बायकांचे कान टवकारले होते.

“भिंतीला उष्टे तुकडे टांगतात हो. दातांच्या खुणांसकट. देवघरासारखे.”

“शी, बाई,” बायका म्हणाल्या.

“मी काढून फेकून दिलं. मग काय करता.”

“बरं केलंत. शी.”

ताटलीतली करंजी मी तशीच हातात धरून बसले होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. आईशी बोलणं बंद, म्हणून पोरीनं मला लावला होता. मी स्वयंपाकघरात गेले.

“मामी, पोचले. आल्या आल्या ओपानं खिळ्यावरून काढून दिला. दगड झाला होता. चहात बुडवून बुडवून खाल्ला, सगळा. चुरेसुद्धा.”

“आणि दुसरा?”



“खिळ्यावरच आहे. ती रोज त्याच्यावरची धूळ पुसते.”

मी बाहेर आले. वन्सं पुढच्या बाईला तेच सांगत होत्या, उष्ट्यापर्यंत आल्या होत्या.

“ऋजूचा फोन होता,” मी म्हणाले. “पोचली. तिचं उष्टं तिनं संपवलं म्हणाली.”

बायका माझ्याकडे बघू लागल्या. वन्संचं बोट कुंकवात बुडालेलं होतं, ते तसंच राहिलं. मला वाटलं आता त्या मला चारचौघींत काहीतरी लागट बोलतील. मी तयार होते. मलाही बोलायचं होतं.

“आणि त्या बाईचा मुलगा?” त्यांनी विचारलं. इतकं हळू की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. “आला का?”

“नाही आला.”

वन्संनी कोयरी माझ्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. मोरीतला नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बायका खोळंबल्या होत्या. मी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, ओट्या भरल्या, पानसुपारी दिली. शेवटची बाई चपला घालून पायऱ्या उतरली तरी आत वन्सं हात धूतच होत्या.